जुलैतली पाहणी

"सदर दरीत रेनडिअरांचा वावर आढळला नाही." खाण कंपनीच्या अहवालातलं हे वाक्य बिरेतने तीनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

स्वीडनच्या उत्तर टोकाच्या त्या दरीत तिची साठ वर्षं गेली होती. दर मे महिन्यात तिच्या कळपातल्या गाभण माद्या व्यायला तिथेच येत. बर्फ आधी तिथे वितळतो, खालचं दगडफूल चरायला मिळतं. नवरा गोठलेल्या तळ्यात बुडाला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही ती कळपापाशी उभी होती.

गावच्या सभेत कंपनीचा साहेब समजावत होता, की दरीखाली ग्रॅफाइट आहे, त्याच्या बॅटऱ्यांवर विजेच्या गाड्या धावतील, जगाची हवा सुधारेल. बिरेत उठली.

"पाहणी कधी केलीत?"

"जुलैत," अहवाल लिहिणारी हेडविग म्हणाली. दक्षिणेकडून आलेली तरुण मुलगी.

"जुलैत कळप डासांना वैतागून डोंगरावर जातो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल! लोक चर्चमध्ये गेल्यावर दार ठोठावायचं, आणि लिहायचं, घरात कुणी राहत नाही. वा रे पाहणी!"

सभा हसली. साहेब म्हणाला, "बाई, जरा शांतपणे बोलू या."

"शांतपणेच बोलत आलो की! धरण झालं, गप्प बसलो. जंगल तोडलंत, गप्प बसलो. आता जगाची हवा धुवायलाही आमचीच दरी?" मग ती हेडविगकडे वळली. "पोरी, मे महिन्यात ये. अंथरायला कातडं देईन, खायला मांस देईन. डोळे तेवढे स्वतःचे आण."

हेडविग खरंच आली. पाचव्या दिवशी ड्रिलिंगचं सामान घेऊन कंपनीचं हेलिकॉप्टर दरीत खाली उतरलं. कळप उधळला आणि नदीपार पळाला. नुकतीच जन्मलेली, अंग अजून ओलं असलेली पिल्लं मागेच राहिली. माद्या परततील म्हणून दोघी लांब उभ्या राहिल्या. दुपार टळली तरी एकही फिरकली नाही. पाच पिल्लं बर्फात गारठून मेली.

हेडविगला रडू फुटलं.

"रडतेस काय! मोज!" बिरेत कडाडली. "मोज आणि लिही!"

हेडविगने लिहिलं. कंपनीने ती पानं अहवालातून गाळली, तेव्हा तिने ती स्वतः जिल्हा कचेरीत नेऊन दिली. तिची नोकरी गेली. शरद ऋतूत हुकूम निघाला: एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दरीत उड्डाण नाही, ड्रिलिंग नाही. खाणीचा निर्णय मात्र लांबणीवर पडला.

"आत्या, जिंकलीस की!" भाचा नील्लास म्हणाला.

"जिंकले? माझ्याच दरीत माझ्या जनावरांना सात आठवडे सुखाने विऊ देणार, म्हणून पाया पडू त्यांच्या?"

ती खाणीवरच्या हरकतीचा अर्ज लिहायला बसली. पेन इतकं दाबून चालवत होती की कागद फाटला. तिने दुसरा घेतला.