वाढलेली नळी

बावीस वर्षं मी महाडच्या एमआयडीसीत हवेचे आणि वाफेचे पाइप जोडतोय. माणूस वाकून आत शिरेल एवढ्या पाइपापासून करंगळीएवढ्या नळीपर्यंत एकाही जोडानं माझ्यापुढे कधी मान वर केली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू फारशी उरत नाही.

आमच्या खोलीच्या मागे शेजारच्या चाचांची पत्र्याची शेड. चाचा उमेदीची सगळी वर्षं आखातात विमानांची इंजिनं दुरुस्त करत होते. परत आलेल्या बाकीच्यांनी घरं बांधली, ट्रक घेतले. चाचांनी शेडीत विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, खरंखुरं. सहा वर्षं ते चाललं होतं. स्वतः उडवायचा प्रश्नच नव्हता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी केव्हाच नाही म्हटलं होतं. त्यांचं मागणं एवढंच, की इंजिन एकदा चालावं आणि विमान शेडीच्या दारातून अख्खं बाहेर पडावं.

अख्खं म्हणजे भंगारात तुकडे न होता, आणि तसं म्हणायचं कारण त्यांचा मुलगा. त्याचा मालवाहतुकीचा धंदा, त्याला गोदामाला जागा हवी होती, आणि त्यात काही चूक नव्हती. त्यानं एकदा भंगारवाल्याला आणून विमानाभोवती फिरवलं, तेव्हा चाचा दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी बाप-लेकात ठरलं ते असं: चाचांचा आखातातला जुना सोबती शनिवारी येऊन इंजिन तपासेल. त्याच्या मनास आलं तर तो विमान घाटावर धावपट्टी आहे तिथे घेऊन जाईल. नाही आलं तर सोमवारी भंगारवाला.

सगळं तयार होतं. राहिली होती एक नळी. इंजिनाच्या तेलाला गार ठेवायला समोरची हवा मागे नेणारी, मनगटापेक्षा थोडी जाड, तांबड्या रबरी कापडाची, आत तारेची गुंडाळी असलेली लवचिक नळी. तिचं एक टोक चाचांनी बसवलं होतं. दुसरं टोक इंजिनाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या एका गोल गळ्यावर चढवायचं होतं. ते चाचांच्या थरथरत्या बोटांना होईना म्हणून मंगळवारी पहिली पाळी सुटल्यावर त्यांनी मला हाक मारली. पाच मिनिटांचं काम आहे, असं मीच म्हणालो. तोंड दिलंय ना देवानं.

नळीचं आतलं माप आणि गळ्याचं बाहेरचं माप तंतोतंत एक. त्यात गळ्याच्या कडेला बाहेर वळवलेला ओठ, म्हणजे वरून लोखंडी पट्टी आवळल्यावर नळी निसटू नये. निसटणार कशी, आधी चढली तर ना! इंजिन आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये माझा पंजा आडवाही जाईना, उभाही जाईना. दोन बोटं पोचत, ती नळीला धरणार की ढकलणार? एका बाजूनं चढवली की दुसऱ्या बाजूनं उतरे. मी ग्रीस मागितलं. ग्रीस नाय. तेल? नाय, रबर खराब होतं. हातोडीचा दांडा? चाचांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तो विषय सोडला. कारखान्यात ज्या तीन गोष्टींवर माझी फिटरकी उभी आहे त्या तिन्ही इथे हराम.

तासाभरात माझ्या बोटांची सालं निघाली. नळीचं टोक चेपलं, म्हणून मी ते चेपलेलं बोटभर कापून टाकलं आणि परत चढवायला गेलो, परत तेच. चाचा मागे स्टुलावर बसून म्हणत होते, "जोर नको लावू रे, जोराचं काम नाय हाय ते." मग कशाचं काम आहे ते मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. मला इतका राग आला की घरी आल्यावर पाण्याचा तांब्या मी जरा जोरातच ठेवला.

माझी बायको कासाराची मुलगी. बाजारात तिच्या भावाचं बांगड्यांचं दुकान आहे आणि लग्नसराईत ती तिथे हात भरायला बसते. तिनं काय झालं विचारलं, मी सांगितलं, ती म्हणाली की मी येऊन बघू का. मी म्हणालो, विमान आहे ते, बांगड्यांचं दुकान नाही. हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

बुधवारी कामावर जाताना तिला निरोप देऊन गेलो. दुपारी गरम पाणी करून चाचांना दे, नळीचं टोक त्यात बुडवून ठेवा, मऊ पडलं की जरा वाढेल, मग चाचांना म्हणावं ओढून बघा. दोनच्या सुमारास तिचा फोन आला. यंत्रांच्या घरघरीत मला एवढंच ऐकू आलं, "अहो, ती नळी वाढली."

वाढली! मी फोन ठेवला आणि समोरच्या दोघा-तिघांना सांगून टाकलं की गरम पाण्याची अक्कल कोणाची, तर माझी. एकानं चहा पाजला. तो चहा मी प्यायलो, हे आठवलं की अजून लाज वाटते. पाळी सुटल्यावर मोटारसायकल काढून शेडीत आलो, तर चाचा स्टुलावर बसलेले, आणि मांडीवर सोडवून घेतलेली नळी. तिचं टोक दोन बोटं उभं फाटलेलं.

मी बायकोवर ओरडलो. वाढली म्हणालीस ना? ती शांतपणे म्हणाली, "मग काय म्हणू? ज्यात बसून माणूस वर जाणार त्याचं फाटलं म्हणू? आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाय, वाढली म्हणतात." म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म गेला, नारळ वाढवला, बांगडी वाढली, सगळं ऐकत आलोय. पण रबरी नळीलाही कोणी सौभाग्यलेणं समजेल हे माझ्या डोक्यात कुठून यायला?

ओरडून झाल्यावर मी नळी हातात घेऊन नीट बघितली. फाटायला सुरुवात झाली होती ती तारेच्या टोकाशी. मंगळवारी टोक कापताना आतली तारही कापली गेली होती, आणि तिचं अणकुचीदार टोक मी तसंच ठेवलं होतं. ते मागे वळवून कापडात दडवायचं असतं. कारखान्यात वरून चिकटपट्टी गुंडाळली की कोण बघतो? इथे ते ओठाला अडकलं, आणि चाचांनी माझ्या सांगण्यावरून ओढलं. चूक माझी होती. फाटल्यावर चाचांना ती दिसली होती, तरी त्यांनी मला बोल लावला नाही, याचा मला जास्त राग आला.

दुसरी नळी परदेशातून यायची, महिना लागला असता. फाटलेलं कापलं. उरलेली नळी चाचांनी जागेवर धरून पाहिली. एक बोटही ढील नव्हती. "आता एकदाच हाय," चाचा म्हणाले. मी तार नीट वळवली, दडवली, चाचांनी पुढचं टोक परत बसवलं, पण मागच्या टोकाला हात लावायला मी पुढे झालो नाही.

बायकोनं विचारलंच नाही. साडीचा पदर खोचून ती इंजिनाशी गेली आणि तिनं त्या गळ्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, हे अंगठ्याखालचं हाड आहे, अडतं ते इथेच. मग तिनं घरून भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी आणली आणि गळ्यावर ओढून बसवली, घट्ट हाताच्या नवरीला बांगडी भरताना हातावर चढवतात तशी. नळी तिरकी धरून तिची खालची कड आधी अडकवली. तिचा लहानसा हात त्या फटीत सहज गेला.

"ढकलत नसतात, फिरवतात," ती मला म्हणाली. तार ज्या बाजूला उलगडते त्या बाजूला ती नळी थोडी फिरवी, थांबे, परत फिरवी. फिरवताना सारखी बोलत होती, चाचांना सुनेच्या तब्येतीचं, मला कापडे गावाला पाठवायच्या तांदळाचं. दुकानातही ती अशीच बोलते, गिऱ्हाइकाचा हात सैल पडावा म्हणून. इथे कोणाचा हात सैल पडायचा होता कोण जाणे, पण माझा श्वास सैल झाला. एकदा ओठावर अडलं. ती थांबली, वरची कड अंगठ्यानं दाबली, अर्धा वळसा दिला, आणि नळी पलीकडे गेली. मग तिनं पिशवीचं टोक धरून ती हळूहळू सगळी बाहेर ओढून काढली. पट्टी मी आवळली. तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

शनिवारी वीर स्टेशनला उतरून तो सोबती रिक्षानं आला. कमी बोलणारा माणूस. त्यानं सगळं इंजिन हातानं चाचपलं, मागे हात घालता येईना म्हणून आरसा घालून बघितलं, आणि विचारलं, हे कोणी चढवलं? चाचा म्हणाले, कासाराच्या मुलीनं. तो हसला नाही. "चांगलं चढवलंय," म्हणाला.

इंजिन दुसऱ्या झटक्यात लागलं. चाचांची टोपी उडून शेडीच्या पार मागच्या भिंतीला गेली आणि कोणी ती आणायला हललं नाही. त्यांचा मुलगा दारात उभा होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाजात काही ऐकू आलं नाही.

सोमवारी पंख वेगळे काढून विमान ट्रकवर चढलं. ट्रक मुलाचाच, दोऱ्याही त्यानंच बांधल्या. भंगारवाल्याला त्यानं येऊ नको म्हणून आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ट्रक वळणाआड गेला तसे चाचा शेडीत परतले. मी मागोमाग गेलो. जमिनीवर तेलाचे डाग आणि मधोमध ते स्टूल. एवढ्या दिवसांची माझी सगळी चिडचिड त्या मोकळ्या जागेत एकदम निरुपयोगी वाटली. चाचांनी स्टूल उचलून बाहेर ठेवलं, पत्र्याचं दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली मागे थांबलेल्या मुलाच्या हातात दिली.

"चल," माझ्याकडे बघून ते म्हणाले, "दुकान वाढवलं."

या वेळी मला बरोबर ऐकू आलं.