दुसऱ्या हाफचा गोलकीपर

आमच्या कारखान्याच्या हॉकी टीमला गोलकीपर दोन आणि पॅडची जोडी एक. पहिला हाफ वेल्डर खेळायचा, दुसरा फिटर. मधल्या सुट्टीत वेल्डर पाय पसरून बसायचा आणि फिटर त्याचे पट्टे सोडून आपल्या पायांना आवळायचा. पॅड घामानं ओले, अंगाच्या उबेनं गरम. "तुझ्या पायांचा वास माझ्या बायकोला पाठ झालाय," फिटर म्हणायचा.

फायनलला समोरच्या टीमचा फॉरवर्ड म्हणजे निव्वळ रेडा होता. त्याचे दोन फटके गोलामागच्या फळीवर असे बसले, की बॅकला उभा मीच दोन पावलं बाजूला सरलो. सुट्टीत फिटर म्हणाला, "गुडघा धरलाय रे. आज तूच उभा राहा." वेल्डरनं त्याच्याकडं जरा बघितलं आणि सैल केलेले पट्टे पुन्हा आवळले. दहाव्या मिनिटाला चेंडू त्याच्या गळ्यावर बसला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

फिटरच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. पण मयतीला त्याला लंगडत यावं लागलं, आणि एकदा लंगडला तो नऊ वर्षं लंगडला. खेळ तर सुटलाच. वेल्डरची बायको आमच्या कॅन्टीनला लागली. दर शनिवारी ती फिटरच्या डब्याशेजारी तेलाची बाटली ठेवायची. "चोळा, भाऊजी. गुडघ्याचं दुखणं वाईट." तो घरी जाऊन धडधाकट गुडघ्याला तेल चोळायचा. सामन्याच्या दिवशी तो कुठंही असो, सुट्टीच्या शिट्टीची वेळ झाली की त्याच्या नडग्यांवर कुणीतरी पट्टे आवळायचं. गरम, ओले. दुसरा हाफ संपेपर्यंत सुटायचे नाहीत. त्यानंच हे मला सांगितलं.

"ओकून टाक तिच्यापाशी," मी म्हटलं.

"जोड्यानं मारलं तर?"

"नऊ वर्षं खातोच आहेस की."

शनिवारीच गेला. मी कॅन्टीनच्या दाराशी थांबलो. ती पातेलं घासत होती.

"वहिनी, त्या दिवशी गुडघा बरा होता. मी भ्यालो होतो."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे. गळा गेला होता, पण कागदावर लिहून दाखवलं त्यांनी. भ्यालाय तो, कुणाला सांगू नको म्हणून."

"मग तेल कशाला देत होतात?"

"लंगडत होतात ना तुम्ही. म्हटलं, बघू कधी थांबता."

फिटर वळला. सरळ चालायचं म्हणून पाय टाकला, तर तो वाकडाच पडला. पुन्हा टाकला, पुन्हा तसाच. भिंत धरून तो दारापर्यंत आला.

"भाऊजी," ती मागून म्हणाली, "बाटली राहिली."