दहा ते चार

सीमा समितीच्या कचेरीत तिला सगळे पाटीबाई म्हणत. बैठकीला येणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या पुढ्यात त्याच्या नावाची आणि हुद्द्याची लाकडी पाटी हवी, आणि ती शेजारच्या साहेबाच्या पाटीपेक्षा तसूभरही लहान नको, एवढं सांभाळण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. एकदा एका साहेबाच्या हुद्द्यातली दोन अक्षरं जरा बारीक आली, तर दोन देशांची बोलणी दुपारपर्यंत अडून राहिली. पाटीबाईने ब्रश घेऊन ती अक्षरं जाड करून दिली, तेव्हा कुठे स्वारी जेवायला उठली. असल्या माणसांच्या हातात दोन देश होते.

कचेरीपासून पायी वीस मिनिटांवर दोन खोल्यांत ती आईबरोबर राहायची. आई कंबर मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली, आणि अंगाने चांगली भरलेली. तिला कुशीवर वळवायचं, खालची चादर ओढून काढायची, पाठ पुसायची, हे एकटीचं काम नव्हे. दुसरे दोन हात धाकट्या बहिणीचे होते. धाकटी लग्न होऊन पुलापलीकडे, म्हणजे दुसऱ्या देशात गेली होती, पण ज्या शिलाई कारखान्यात ती कामाला होती तो पुलाच्या अलीकडे. पहाटे पावणेसहाला इतर बायकांच्या घोळक्यातून ती पूल ओलांडायची, सहाला आईपाशी पोचायची आणि सातच्या ठोक्याला कारखान्याच्या फाटकात असायची. भाऊसुद्धा होता, दोन गल्ल्या सोडून. आईला वळवायला बोलावलं की त्याच्या पाठीत उसण भरायची. देशाच्या संरक्षणावर मात्र तो उभ्या उभ्या तासभर बोलायचा, तेव्हा पाठ अगदी ठणठणीत असायची.

मग पूल बंद झाला. पुलाच्या दोन टोकांना दोन देशांचे झेंडे. एका टोकाची काठी वीतभर उंच झाली, दुसऱ्यांनी आपली दोन वीत वाढवली, पहिल्यांनी पुन्हा तीन. शेवटी एका बाजूच्या जवानाने हवेत गोळी झाडली आणि दोन्हीकडच्या मंत्र्यांनी छाती पुढे काढून पुलाला कुलपं घातली. देशाची अब्रू राखली म्हणे. त्या अब्रूपायी धाकटीची नोकरी गेली आणि आईच्या पाठीला जखम झाली. पाटीबाई एकटीने जीव खाऊन आईला वळवायची, अर्ध्यावर दम संपायचा, आई पुन्हा उताणी व्हायची. रोज सकाळी आई विचारायची, "धाकटी आली का गं?" असे अठरा महिने गेले.

अठरा महिन्यांनी साहेबलोकांना पूल उघडायची बुद्धी झाली. उघडायचा, पण किती वाजता? त्यासाठी आठवडाभर पूल दिवसरात्र खुला ठेवून मोजणी करायचं ठरलं. त्या आठवड्यात धाकटी रोज सहाला आली. कारखान्याने कामावर घेतलं होतं, पण पुलाचं पक्कं झालं तरच ठेवू या बोलीवर. दोघींनी मिळून जखम धुतली, औषध भरलं. सातव्या दिवशी जखमेच्या कडा कोरड्या पडल्या. त्यानंतर कुलूप पुन्हा लागलं.

मोजणीचा तक्ता मोठ्या फळ्यावर उतरवायला पाटीबाईकडे आला. ट्रक, मोटारी, सायकली, गुरं, मालाचं वजन, सगळं होतं. खाली एक ओळ होती: पायी जाणाऱ्या स्त्रिया, दिवसाला सरासरी एकोणीस. स्त्रियांना पुलाची गरज नगण्य. सबब पूल दहा ते चार उघडावा.

ब्रश तिथेच ठेवून ती मोजणीतज्ज्ञाकडे गेली. हा गृहस्थ तीन देशांतून शिकून आला होता आणि ते समोरच्याला पाच मिनिटांच्या आत कळेल याची काळजी घ्यायचा.

"साहेब, तुम्ही मोजायला किती वाजता बसलात?"

"दहा ते चार. कचेरीच्या वेळेत."

"अहो, पण बायका सहाला जातात. कारखान्याची पाळी सातला लागते."

"मग त्या नोंदीत कशा येतील, बाई?" तज्ज्ञ समजुतीने म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसा.

ती अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे बोलायच्या आधी घसा साफ करणारा आणि बोलून झाल्यावर टाळ्यांची वाट पाहणारा माणूस. त्यांनी मान वर न करता ऐकलं.

"बाई, हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे. त्यात घरगुती गोष्टी आणू नका."

पाटीबाई निमूट परत आली आणि तिने तो तक्ता लिहिला, कारण नोकरी होती. पण लिहिताना तिच्या अंगाची लाही लाही होत होती. झेंड्याची काठी वीतभर वाढली की ती राष्ट्रीय, आणि त्या काठीपायी म्हातारीच्या पाठीला भोक पडलं की ते घरगुती! हा निवाडा कोणी केला? ज्यांच्या आया दुसऱ्याच कोणीतरी वळवत होत्या, त्यांनी.

पुलाच्या कराराच्या मसुद्यावर सह्या व्हायच्या आदल्या दिवशी कचेरीत धावपळ उडाली. मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निरीक्षक येणार होते आणि त्यांच्या पत्रात लिहिलं होतं, की टेबलावर स्त्रियांचा सहभाग दिसला पाहिजे. साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. अठरा खुर्च्या, अठरा पुरुष, पैकी अकरा जणांना मिशा. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग अध्यक्षांना रंगाचा वास आला आणि दाराशी उभी असलेली पाटीबाई दिसली.

"बाई, उद्या चांगले कपडे घालून या. शेवटी एक जादा खुर्ची ठेवू, तिच्यात बसायचं. फोटो होईपर्यंत. आणि हो, तुमच्यापुढे एक पाटी लागेल, ती करून घ्या. 'महिला प्रतिनिधी' एवढंच लिहा, नावाची गरज नाही."

"बरं साहेब," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने स्वतःची पाटी रंगवली. इतरांच्या पाट्यांच्या बरोबरीची, पट्टी लावून मोजून.

दुसऱ्या दिवशी फोटो झाले. महिला प्रतिनिधी फुलदाणीच्या बरोबर मागे आली, कोणाच्या लक्षात आलं नाही. मग अध्यक्षांनी पेन उघडलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत?"

शेवटच्या खुर्चीतून हात वर झाला.

"चहा नंतर सांगा, बाई."

"चहा नाही, साहेब. हरकत आहे."

काही जण हसले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "अहो, तुम्ही फोटोपुरत्या..."

पाटीबाईने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे हातभर अक्षरांत समितीचा पहिला नियम होता: ज्याच्यापुढे पाटी, त्याला हरकतीचा अधिकार, हरकतीचं उत्तर मिळेपर्यंत सही नाही. आपल्याला कोणी कमी लेखू नये म्हणून याच साहेबांनी तीन आठवडे भांडून तो नियम केला होता. आणि रंगवला होता तिनेच.

"माझ्यापुढे पाटी आहे," ती म्हणाली.

पलीकडच्या देशाच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखांचा चेहरा उजळला. बायकांचा कळवळा त्यांना कधीच नव्हता, घरी पाण्याचा पेलासुद्धा त्यांना हातात आणून द्यावा लागे. पण आपल्या शत्रूची अशी फजिती रोज बघायला मिळत नाही. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि खुर्चीत आरामात रेलून बसले. निरीक्षकांनी वही उघडली.

पाटीबाई उभी राहिली. "मोजणी दहा ते चार झाली. पुलावरची गर्दी सहाला असते. सहाला मोजा आणि मग वेळ ठरवा. एवढीच हरकत."

"सकाळी सहाला?" तज्ज्ञ दचकला. "पण त्या वेळी कोण जागं असतं?"

निरीक्षकांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

नाइलाजाने पूल पुन्हा दोन दिवस उघडला. साहेबमंडळी मफलर गुंडाळून, डोळे चोळत, जांभया देत पुलावर आली, जणू मोहिमेवरच निघाली होती. धुक्यातून बायका आल्या. डबे घेतलेल्या, झपाझप चालणाऱ्या, एकीनेही यांच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण उशीर झाला तर फाटक बंद होतं. सातच्या आत तीनशे बेचाळीस बायका गेल्या. तज्ज्ञाच्या छापील कागदावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता. त्याने गुरांच्या खाली, 'इतर' मध्ये त्यांची नोंद केली.

पुलाची वेळ पहाटे साडेपाच ते रात्री नऊ अशी ठरली. सह्या झाल्या. अध्यक्षांनी मुलाखतीत सांगितलं, की स्त्रियांच्या प्रश्नाविषयी आपण पहिल्यापासूनच जागरूक होतो. टाळ्या मिळाल्या. आठवड्याच्या आत समितीने एकमताने पहिला नियम बदलला, आणि भिंतीवर नव्याने लिहायला पाटीबाईलाच बोलावलं: ज्याच्यापुढे पाटी, त्याला हरकतीचा अधिकार, फोटोपुरत्या बसवलेल्यांना तो नाही. तिने शिडीवर चढून दिवसभरात लिहिलं, एकाही अक्षराची गोलाई बिघडू न देता. लाज ज्यांना वाटायला हवी होती ते खाली उभे राहून 'वा, अक्षर काय सुंदर' म्हणत होते. तिची 'महिला प्रतिनिधी' पाटी दारात पाचर म्हणून लावली होती, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पूल कायमचा उघडला आणि सहाला कडी वाजली. धाकटीने चपला काढल्या, हात धुतले, बाह्या वर सारल्या. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना गेल्या. एकीने खांदा धरला, दुसरीने कंबर, आणि आई एका दमात कुशीवर आली. भिंतीकडे तोंड करून ती थोडा वेळ श्वास घेत राहिली.

"आलीस होय," आई म्हणाली. "किती उशीर केलास गं."

"पूल बंद होता, आई."

"कोणी केला होता बंद?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. पाटीबाईने फडकं गरम पाण्यातून पिळून काढलं आणि आईची पाठ पुसायला घेतली.

"होते काही रिकामटेकडे," ती म्हणाली. "तू हलू नकोस. जखम पुसायची आहे."