तीन कोटी वेळा ऐकलेली चूक

भिंगवाल्या बाई चुकल्या तेव्हा दुपारचे पावणेपाच वाजले होते. संगीत शाळेचा हॉल पाचपर्यंतच मिळालेला होता आणि दाराबाहेर व्हायोलिनच्या वर्गाची मुलं पेट्या घेऊन ताटकळत होती. बारा धुनांपैकी शेवटची राहिली होती. ती एकदाच वाजवली, ध्वनिमुद्रित झाली, आणि कुणी ऐकूनसुद्धा न पाहता वायरी गुंडाळल्या गेल्या. याला आता सहा वर्षं झाली.

बाई एकोणसाठ वर्षांच्या आहेत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या भिंगं घासतात. खोलीत एक खिडकी, एक नळ, घासण्याचं चाक आणि चाकावर सतत ठिबकणारं पाणी. घासून झालेल्या भिंगाची कड नीट झाली की नाही हे बाकीचे कारागीर बोटाने बघतात; बाई ते भिंग गालाला लावतात. त्यांची बोटं या कामाची राहिलेली नाहीत. तेहेतीस वर्षं डबल बास वाजवून ती बधिर झाली आहेत.

डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घरातला आजोबा. बाईंच्या घरी तो कपाट आणि दार यांच्या मधल्या कोपऱ्यात उभा असतो. कपाट उघडायचं तर आधी त्याला हलवावं लागतं. बाईंचे यजमान म्हणतात, "घरात सगळ्यांत जास्त मान त्याला. मी दारात आलो तर कुणी एवढं अदबीनं बाजूला करत नाही."

यजमान पूर्वी सॅक्सोफोन वाजवत. अकरा वर्षांपूर्वी खालच्या हिरडीच्या दुखण्यात पुढचे दात गेले. कवळी बसली, जेवण सुरू झालं, पण सॅक्सोफोनची नळी धरायला जी पकड लागते ती गेली ती गेलीच. आता ते खिडकीपाशी बसून इतरांची फुंकवाद्यं दुरुस्त करतात. दुरुस्त केलेलं वाद्य स्वतः फुंकून बघता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकालाच फुंकायला लावतात आणि मान दुसरीकडे वळवून ऐकतात.

त्यांचा जॅझचा जथा मात्र चालू राहिला. पियानोवर यजमानांचा धाकटा भाऊ, जो बाईंना वहिनी म्हणतो आणि ज्याला बाई भावजी म्हणतात. ड्रमवर पोस्टमन. पोस्टमन खरोखरच पोस्टमन होता. निवृत्त झाला, नाव राहिलं. यजमान वाजवू शकत नव्हते, पण धुना लिहीत होते. शेवटची लिहिली तिचं नाव ‘दुसरा जिना’. तीच त्या दिवशी पावणेपाचला वाजली.

धून चार भागांची. पहिला भाग, मग तोच पुन्हा, मग अगदी वेगळा तिसरा, आणि चौथ्यात परत घरी. पहिले दोन सारखेच असल्यामुळे आपण कितव्यात आहोत हे मोजत राहणं भाग असतं, आणि मोजायचं काम बासवाल्याचं. यजमानांनी सगळा जीव तिसऱ्या भागात ओतला होता. तिथे सूर एकेक पायरी चढत अशा जागी जातो, की आता खाली उतरायला वाट नाही असं वाटावं; आणि मग आठव्या आवर्तनात ती वाट निघते.

बाईंनी दुसरा भाग पहिलाच समजला. तो संपला तेव्हा त्या वर चढल्याच नाहीत. पहिल्या दोन भागांत बास धरून ठेवतो त्याच एका सुरावर, खाली, टोला देत राहिल्या. भावजींचे हात चढायला उचललेले होते, ते त्यांनी तसेच मागे घेतले. कारण या तिघांचा एक नियम आहे: कुणी चुकलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, सगळ्यांनी तिथेच थांबायचं. पोस्टमनने काड्या ठेवून ब्रश घेतले. वहिनी निघतील तेव्हा निघू, असं भावजींना वाटलं. भावजी निघतील तेव्हा निघू, असं तोवर चूक कळलेल्या बाईंना. एकेचाळीस सेकंद तिघेही एका सुरावर एकमेकांची वाट बघत उभे राहिले. मग सगळे चौथ्या भागाला गेले आणि धून संपवली.

म्हणजे तिसरा भाग वाजलाच नाही.

बाराही धुना एका कंपनीमार्फत गाण्यांच्या अ‍ॅपवर गेल्या. नऊ महिने तिकडे कुणी फिरकलं नाही. दहाव्या महिन्यात अ‍ॅपने स्वतःच्या हिशेबाने ‘दुसरा जिना’ उचलली आणि ‘गाढ झोप’ नावाच्या यादीत टाकली. ही यादी लोक दिवा मालवताना लावतात. आजवर ‘दुसरा जिना’ तीन कोटी वेळा लागली आहे. जथ्याच्या पानावर लोकप्रिय पाच धुना दिसतात. पहिलीपुढे तीन कोटी, दुसरीपुढे अकरा हजार, पाचवीपुढे सहाशे चाळीस. सहाशे चाळीसमध्ये भावजींनी स्वतः बरीच भर घातली आहे असं पोस्टमनचं म्हणणं आहे.

ऐकणाऱ्यांचे निरोप येतात. जवळपास सगळ्यांना आवडते ती एकच जागा: जिथे काहीच घडत नाही. एका नर्सबाईंनी लिहिलं, की त्या जागेच्या पुढे धून कशी जाते हे त्यांना दोन वर्षांत कळलेलं नाही, त्याआधीच झोप लागते. एकाने विचारलं, एवढा संयम कुठे शिकलात?

"सांगू का त्यांना, कुठे ते?" बाई म्हणाल्या.

"काही सांगू नका वहिनी," भावजी म्हणाले. "संयम म्हणतायत ना, संयमच आहे तो."

यजमान हसले. "लोक मला विचारतात, एवढी गाजलेली धून कशी सुचली? मी म्हणतो, मला सुचली ती अजून कुणी ऐकलेलीच नाही."

ते हे हसत म्हणाले, आणि मग पुन्हा कधी म्हणाले नाहीत. बाईंना तेच लागलं. पूर्वी ते टोमणा मारला की वर चार वेळा मारत.

कार्यक्रम वाढले. पण बोलावणारे आता क्लब नव्हते. विश्रांती केंद्रं होती, पाठदुखीचे दवाखाने होते, एका विमा कंपनीचं कर्मचारी शिबिर होतं. तिथे खुर्च्या नसत, गाद्या असत. श्रोते आडवे, डोळ्यांवर कापडी पट्ट्या. पहिल्या अशा कार्यक्रमात पोस्टमन बाईंच्या कानाशी येऊन कुजबुजला, "टाळ्या कोण वाजवणार? का उठल्यावर घरून पाठवणार?"

एकदा, तिसऱ्या वर्षी, बाईंनी न सांगता तिसरा भाग घेतला. भावजी आणि पोस्टमन मागोमाग चढले. चौथ्या पायरीवर एका गादीवरचा माणूस उठून बसला. मग दुसरा. मग पट्ट्या वर सरकवून सगळी रांगच त्यांच्याकडे बघू लागली, शेजारी भिंतीत खिळा ठोकू लागल्यावर बघावं तशी. बाहेर आल्यावर आयोजक बाई भावजींना म्हणाल्या, "अ‍ॅपवर आहे तसंच असू द्या ना. लोक त्यासाठी येतात." तेव्हापासून ते तसंच असतं. चूक मोजून, मापून, दर वेळी एकेचाळीस सेकंद.

या वर्षी कंपनीचं पत्र आलं. त्यांना एक तासाची आवृत्ती हवी होती. पूर्ण धून नको, फक्त ती थांबलेली जागा, एक तास.

तालमीला भावजींच्या घरी तिघे जमले. यजमानही आले होते, जुन्या क्लॅरिनेटच्या कळीखालची छोटी गादी बदलत कोपऱ्यात बसले होते.

"मी नाही वाजवणार," बाई म्हणाल्या.

"नका वाजवू," भावजी म्हणाले. "मग ते जुनं ध्वनिमुद्रण कापतील आणि तेवढाच तुकडा एकामागे एक चिकटवून तास भरतील. कागदात तशी परवानगी आहे. आपणच दिलीय."

"तुम्ही दिलीत."

"सही तिघांची आहे वहिनी. तुमची तर सगळ्यांत वर आहे."

"मला वाचायला भिंग कुठे दिलंत?"

"भिंगाच्या दुकानात काम कोण करतं?" पोस्टमन म्हणाला.

कुणी हसलं नाही. बाईंनी अट घातली. स्टुडिओत आधी ‘दुसरा जिना’ पूर्ण वाजवायची, तिसऱ्या भागासकट, आणि तीही अ‍ॅपवर चढवायची. यजमानांच्या नावाने. मग तुमचा तास घ्या. भावजींनी कंपनीला विचारलं. कंपनीची ना नव्हती; चढवायला जागा लागत नाही.

घरी येताना बाईंनी विचारलं, "अहो, चालेल ना?"

"मला काय त्याचं," यजमान म्हणाले. पण स्टुडिओच्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बाईंच्या आधी दाराशी उभे होते. एरवी त्यांनी इतक्या वर्षांत स्टुडिओची पायरी चढली नव्हती.

स्टुडिओ छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतींना राखाडी स्पंज, मध्ये काच, काचेपलीकडे यंत्रांपुढे बसलेली एक तरुण ध्वनिमुद्रक आणि तिच्या शेजारी यजमान. स्वतःच्या अक्षरातला कागद त्यांनी मांडीवर ठेवला होता. बघत नव्हते.

पहिल्या वेळी दुसरा भाग संपला आणि बाईंचा हात खालीच राहिला. त्यांना वर जायचं होतं. हात गेला नाही.

"पुन्हा घेऊ," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी तेच. पोस्टमन म्हणाला, "मी ओरडतो. वळण आलं की ‘चढा’ म्हणतो. नंतर काढून टाकता येईल." तिसऱ्या वेळी तो ओरडला, बाई चढल्या, पण भावजींची बोटं खाली त्याच पट्ट्यांवर बसून राहिली. गेल्या तीन वर्षांत ती तिथून हललीच नव्हती. बाई चार पायऱ्या एकट्याच वर गेल्या आणि थांबल्या.

"सॉरी वहिनी. सवय."

चौथ्या वेळी सगळे चढले. एकही सूर चुकला नाही. शाळेत मुलाने उभं राहून धडा वाचावा तसा तिसरा भाग वाजला: जोडाक्षरांसकट, न अडखळता. वाट निघायची तिथे निघाली. चौथ्या भागात सगळे मोकळे झाले, आणि ते ऐकूही आलं.

काचेपलीकडून आवाज आला. "छान आलं. मधला तो भाग नवीन घातलाय का? हवा तर कापते मी, सांधा कळणार नाही."

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते उठून आत आले. बासच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बरोबर वाजवलंत," ते म्हणाले. "पण ती मुलगी म्हणते ते बरोबर आहे. या धुनेतला नाही वाटत तो भाग आता. बाहेरून आलेला पाहुणा वाटतो."

"अहो, ती काल आलेली पोरगी आहे. तिला काय माहीत?"

"मला तर माहीत आहे ना? मीच लिहिलाय. मीसुद्धा दुसऱ्या भागानंतर खाली थांबायची वाट बघत होतो." त्यांनी कवळी जिभेने सारखी केली. "तीन कोटी वेळा ऐकलेलं आहे अगं ते. मीही त्यातच आलो."

"अजून चार वेळा वाजवू. सैल होईल. होईलच."

"नको."

"मी चुकले म्हणून—"

"तू चुकलीस ते एकदा. आता नाही चुकत." मग ते ध्वनिमुद्रक मुलीला म्हणाले, "हे पूर्ण वालं पुसून टाका. चढवायचं नाही. धून माझी आहे, मी सांगतोय."

भावजी म्हणाले, "दादा, ठेवू दे की नुसतं."

"ठेवून काय करायचं? सहाशे चाळीस करायचे?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई तार जुळवू लागल्या. मुलीने पुसलं. यजमान कागद घडी करून खिशात घालत बाहेर गेले, आणि काचेपलीकडे पुन्हा तिच्या शेजारी बसले.

दहा मिनिटांची विश्रांती झाली. पोस्टमनने सगळ्यांना चहा दिला. मग तासाचं काम सुरू झालं.

एक तास म्हणजे एकेचाळीस सेकंद साधारण अठ्ठ्याऐंशी वेळा. बाईंच्या हाताला त्यात काही काम नाही. एकच तार, एकच जागा. अवघड असतं ते मोजणं. आठ आवर्तनं कधी भरली हे कळलं नाही तर तिघांचा श्वास मागेपुढे होतो. इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांत बाईंनी ते एकाच रीतीने मोजलं आहे, आणि ही रीत त्यांनी कुणाला सांगितलेली नाही. हात खाली टोला देतो आणि त्या मनात तिसरा भाग गातात. पायरीपायरीने पूर्ण गातात, वाट निघते तिथवर. तो संपला की आठ आवर्तनं भरतात. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून.

त्या दुपारीही त्यांनी तेच केलं. यजमान समोर होते, काचेपलीकडे, कानावर यंत्र लावून, डोळे मिटून. त्यांच्या कानात एकच सूर जात होता. अकराव्या खेपेला, चौथ्या पायरीवर, मुलीने हात वर केला आणि सगळे थांबले.

"मावशी, तुमचे ओठ हलतायत," ती म्हणाली. "श्वास माइकमध्ये येतोय. तेवढं बंद ठेवाल का? मग एका दमात घेऊन टाकू."

"ठेवते," बाई म्हणाल्या.

मुलीने बोटाने इशारा केला. बाईंनी ओठ मिटून घेतले आणि पहिला टोला दिला.