पायपेटीचा भाता

माझ्या पायांना नावं ठेवणारा पहिला माणूस म्हणजे आमच्या चर्चचे संगीत मास्तर. मी दहा वर्षांची असताना त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "पोरीचे हात बरे हायेत, पन पाय लय घाई करतात." मास्तर मूळचे कळंबकडचे, बोलणं रोखठोक. पायपेटीच्या खालच्या दोन फळ्या पायांनी आळीपाळीने दाबून भात्यात हवा भरायची असते, आणि मी सायकल हाणल्यासारखी भरायचे.

ते वाक्य मला चांगलंच झोंबलं. पुढे मी परदेशी जाऊन मोठा पाइप ऑर्गन शिकले, ज्यात पायांनीसुद्धा सूर वाजवावे लागतात. गेली वीस वर्षं मुंबईत विद्यापीठात ऑर्गन आणि संगीत तंत्रज्ञान शिकवते आहे. तरी सुट्टीत आमच्या गावी, गासला, आले आणि मास्तरांकडे एखाद्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन गेले, की ते आधी माझ्या चपलांकडे बघायचे. मी रागावते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच बघायचे.

गेल्या वर्षी मास्तरांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालता येऊ लागलं, पण पायपेटी डॉक्टरांनी बंद केली. रविवारच्या मिस्सा प्रार्थनेच्या वेळी ते शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायला लागले. गाणीही म्हणेनात. ते मला बघवेना. चर्चच्या वार्षिक सणाला मास्तरच वाजवतील, असं मी फादरांना छातीठोकपणे सांगून टाकलं. उपाय माझ्या धंद्यातलाच होता.

सलग तीन दुपारी चर्चची दारं लावून, पंखे बंद करून मी पायपेटीचा एकेक सूर रेकॉर्ड केला. शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंपसुद्धा बंद करायला लावला. हवा स्वतः भरली, अगदी एकसारखी. सगळे सूर काँप्युटरमध्ये भरून कीबोर्डला जोडले. आता पट्टी दाबली की तीच पायपेटी, तोच किंचित नाकातला आवाज, आणि पायांना काही काम नाही. मी इतकी खूश झाले की वर्गात विद्यार्थ्यांनाही ऐकवून आले.

सणाला चार दिवस उरले असताना तालीम झाली. मास्तर कीबोर्डवर बसले, प्रवेशगीत सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला गायनमंडळ विस्कटलं. कोणी पुढे गेलं, कोणी मध्येच श्वास घेतला, आणि मंडळातल्या सगळ्यात जुन्या मावशी चक्क थांबून मास्तरांच्या पायांकडे बघत राहिल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. "झ्याक केलंय," ते म्हणाले. "सनाला तूच वाजव."

एकही खोड न काढता मास्तर झ्याक म्हणाले म्हणजे संपलंच. मी घरी येऊन, मंडळात गाणाऱ्या माझ्या भावजयीवर उगाच डाफरले. मग तिनेच चहा देत विचारलं, "मास्तर ओळ संपताना पाय जरा रोखतात ना? आम्ही तिथंच दम घेतो."

मी कप तसाच खाली ठेवला. इतकी वर्षं वाटायचं, पायपेटीचा आवाज मास्तरांच्या हातांतून चढतो-उतरतो. तो तर पायांतून येत होता! आणि मी सगळे सूर नेमके सपाट हवेवर घेतले होते. सूर सगळे आले, मास्तर तेवढे राहून गेले. वर्गात हे कोणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड पिशवीत घातला आणि घरातला पाट घेऊन चर्चमध्ये गेले. पायपेटीपुढे मास्तरांना बसवलं, त्यांचे पाय एका बाजूला घेतले आणि मी खाली पाटावर बसून दोन्ही फळ्या हातांनी दाबायला लागले. मास्तर वरून सूचना देत होते. "हलू. आता भर. अगं रोख, रोख! मावशीला मारतेस का?" तीन दिवस मी शिव्या खाल्ल्या. इतका आनंद मला कुठल्या सभागृहात झाला नव्हता.

सणाच्या दिवशी भरल्या चर्चमध्ये विद्यापीठाच्या प्राध्यापिकाबाई नवी साडी नेसून मास्तरांच्या पायांशी पाटावर बसल्या होत्या. मावशींची नातवंडं वाकून वाकून बघत होती. ओळ संपत आली की मास्तर गुडघा माझ्या खांद्याला हलकेच टेकवायचे, मी हात रोखायचे, आणि माझ्यामागे तीस माणसं एकदम श्वास घ्यायची. अर्पणगीतानंतर मास्तरांचा गुडघा टेकायचा राहूनच गेला. मी आपली रोखत होते, भरत होते, आणि मंडळी गात होती.

शेवटचं गीत संपलं. माझे तळवे लाल झाले होते आणि कंबर सरळ होईना. मास्तर पायपेटीचं झाकण लावून वाकले.

"आज घाई नाय केलीस," ते म्हणाले.

मी तिथंच पाटावर बसून रडले. मावशींना वाटलं, मला कुठंतरी लागलं.