बापूसाठी सर्जन बघताना

फुलबाजारात आणलेला झेंडू दुपारपर्यंत उठतो. किस्से मात्र वर्षानुवर्षं तिथंच पडून राहतात. त्यातले बापूच्या हर्नियाचे किस्से मला आजही सांगावे लागतात.

बापू माझ्या शेजारी माल लावतो. जांघेत गाठ आली, ती त्याने बायकोपासूनसुद्धा लपवली. एकदा क्रेट उचलताना कळवळला, तेव्हा कुठे बिंग फुटलं. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हर्निया आहे. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. चांगला सर्जन बघा आणि ऑपरेशन उरकून घ्या."

एवढं ऐकलं आणि अख्खा बाजार डॉक्टर झाला.

*

पहिलं नाव नानांनी सुचवलं. नाना हारवाले, म्हणजे आमच्यातले सर्वज्ञ.

"त्या डॉक्टरची गाडी बघितली का? दारात मावत नाय. हात चांगला असल्याशिवाय येवढी गाडी येती का?"

गेलो. पाटी वाचली तर दातांचा दवाखाना! मी नानांना पाटी दाखवली.

नाना म्हणाले, "आत जाऊन इचारू तरी. कापायचंच तर हाय."

*

मग बापूने परस्पर पेठ गावाकडचा झाडपाल्याची औषधं देणारा एक म्हातारा गाठला. त्याने गाठ दाबून आत घातली, वर चपटा दगड ठेवला आणि लंगोट आवळून दिला. बापू खुशीत परत आला. फक्त त्याला बसता येत नव्हतं.

वहिनींनी, म्हणजे बापूच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "डॉक्टरांनी सांगितलं, आतडं अडकू देऊ नका. हे सोताहून जाऊन अडकवून आले."

*

तिसऱ्याला बघायला आम्ही चौघं गेलो. स्थळ बघायला जातात तसेच.

"गाव कोणतं?" नानांनी सुरुवात केली.

"देवळा."

"मामा कुठले?" ओळख निघाली. "शेती?" तर घरचा कांदा. नाना माझ्या कानात म्हणाले, "घर चांगलं हाय. देऊन टाकू."

तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "ऑपरेशन तुम्हीच करणार ना?"

"छे, मी फिजिशियन. सर्जन बाहेरून येतात."

"कोण येतात?"

"त्या दिवशी जे मोकळे असतील ते."

बापूच्या पोटावर सुरी कोण चालवणार, तर जो रिकामा असेल तो! जिना उतरताना नाना म्हणाले, "पण माणूस खोटं बोलला नाय."

*

शेवटी वहिनींनीच चौकशी करून शहरातला एक सर्जन शोधला. एम.एस. झालात का, नोंदणी आहे का, हर्नियाची ऑपरेशनं नेहमी करता का, भूल कोण देणार, काही बिघडलं तर पुढं काय, त्यांनी सगळं विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. आतडं पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून जाळी कुठं बसवणार, ते चित्र काढून दाखवलं. आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या पेशंटशी बोलूही दिलं. कितीतरी दिवसांनी बापूचा चेहरा सैल झाला.

"तुम्हीच करा साहेब," तो म्हणाला. सोमवार ठरला.

लिहिता लिहिता डॉक्टरांचं पेन खाली पडलं. ते उचलायला वाकले, कळवळले आणि जांघेवर हात दाबून तसेच थांबले. शर्ट वर सरकला होता. आत रुंद पट्टा.

बापूने पट्ट्याकडे बोट दाखवलं. "साहेब, हे काय?"

"हर्निया. बरीच वर्षं झाली."

"मग ऑपरेशन नाय केलं?"

डॉक्टर खुर्चीत सावकाश टेकले.

"करायचंय हो. पण खात्रीचा सर्जन मिळायला नको का?"