पळसाचं पान आणि काठाची वाट

डोंग्यात पाय ठेवायच्या आधी भाऊ काठावर वाकायचा, पळसाचं एक वाळलेलं पान उचलायचा आणि पाण्यावर अलगद सोडायचा. मग हात मागे बांधून त्या पानाकडे बघत उभा राहायचा. आम्ही मंडळी तिष्ठत. कोणाच्या हातात कोंबडी, कोणाच्या डोक्यावर मोहाचं गाठोडं, माझ्या खांद्याला तपासलेल्या वह्यांची पिशवी. कोणी घाई केली तर तो मान न वळवता म्हणायचा, "थांबा न. पान काय म्हन्ते ते तं पाहू."

पान जागीच डुलत राहिलं की तलाव सरळ ओलांडायचा. पान सरकत निघालं की काठाकाठानं जायचं. आणि पान उलटलं की तो आपली चप्पल पायात घालून घरी चालू लागायचा. त्या दिवशी मग डोंगा नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या सावधपणाला सगळे हसतात आणि बायकापोरांना पाठवायचं झालं की त्याच्याकडेच पाठवतात. आमच्या तलावावर तो हा होता. जातीनं ढिवर, म्हणजे मासेमार, वयानं माझ्या वडिलांहून थोडा लहान. गाव त्याला भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणत असे.

माझी शाळा तलावापलीकडे, जंगलातल्या गावात होती. रस्त्यानं अठरा किलोमीटर, तेही वाघाच्या वाटेवरून. डोंग्यातून सरळ गेलं तर अर्धा तास, काठानं गेलं तर दीड. भाऊ सकाळी जाळी पाहायला निघे, त्याच डोंग्यात मी बसत असे. दोन खोडं कोरून बांबूनं एकमेकांना जखडलेला तो डोंगा मला पहिल्या दिवशी गुरांच्या गव्हाणीसारखा वाटला होता. मी उभा राहून तलाव बघू लागलो, तसा भाऊ म्हणाला, "बसा गुर्जी. खाली, बुडाशी. डोंग्यात उभा राह्यते तो पाहुना, नाई तं मुर्दा."

मग त्यानं तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन काढली आणि दोरीनं माझ्या कमरेला बांधली. "मले पोहता येते," मी म्हणालो. "पोहता येते त्याईच्यासाठीच हाये हे," तो म्हणाला. "ज्याले येत नाई तो भेऊन घट्ट बसते." शाळेत पोचेपर्यंत कॅन सोडायची मला आठवणच राहिली नाही. चौथीच्या वर्गानं त्या दिवशी गणित केलं नाही; फक्त हसला.

त्याच तलावावर मारोती दुसरा डोंगा चालवायचा. भाऊचा चुलतभाऊच, पण वीस वर्षांनी लहान आणि कायम सरळ जाणारा. भाऊ पान सोडून उभा असला की तो आपल्या डोंग्यातून ओरडायचा, "काऊन भाऊ, पान लगन लावून देनार हाये का तुमचं? काठानं जाता जाता म्हातारे होऊन जासान!"

"म्हाताराच तं व्हायचं हाये मले," भाऊ शांतपणे सांगायचा.

"काठाले वाघ राह्यते."

"राह्यते. पन तो हात धरून पान्यात नाई नेत."

मी एकदा त्याला मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज दाखवला. बाण होते, आकडे होते. त्यानं चष्मा नसलेल्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिलं आणि कौतुकानं विचारलं, "याले आपला तलाव मालूम हाये?" मग पान सोडलं.

वल्हवताना तो शिकवायचाही, पण मास्तरासारखं नाही, स्वतःशी बोलल्यासारखं. लाट आडवी घ्यायची नाही, नाक तिच्याकडे करायचं. ओझं मधोमध, खाली. डोंग्यात पाणी आलं की बोलणं बंद, डब्यानं उपसणं चालू. आणि जाळ्याची दोरी हाताला, पायाला कधीच गुंडाळायची नाही. हे शेवटचं तो प्रत्येक वेळी सांगायचा, मी जाळं टाकणारा नव्हतो तरी. एकदा मी हसून म्हणालो, "भाऊ, माझ्या हातात खडू असतो." तो वल्हवतच होता. मग म्हणाला, "माह्या लहान्या भावानं मनगटाले गुंडाळली होती. वारा सुटला. मी ओरडलो, जाळं सोड. तो म्हने, नवं हाये." एवढंच. त्यानं हे पुन्हा कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो.

चैत्र होता. शाळा सकाळची, पण परतीचा डोंगा तीनलाच. दुपारी बहिणीचा भद्रावतीहून फोन आला. वडील महिनाभर अंथरुणाला होतेच. ती म्हणाली, "बाबा तुझं नाव घेऊन राह्यले. आज ये. उद्यावर टाकू नको." तलावाच्या पाळेपलीकडच्या, म्हणजे बांधामागच्या फाट्यावरून चंद्रपूरची शेवटची बस चारला. मी शाळेकडच्या काठावर आलो तेव्हा तीन वाजले होते.

भाऊनं पान सोडलं. ते सरकलं.

"भाऊ, बाबा जाऊन राह्यले," मी म्हणालो. "सरळ घ्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग, मी त्याला ओळखू लागल्यापासून पहिल्यांदा, पान सरकलेलं असताना त्यानं डोंगा सरळ घातला. जोरानं वल्हवत होता. मी घड्याळ पाहत होतो. तलावाचा तिसरा हिस्सा पार झाला असेल, तेवढ्यात पाण्यावर काळसर पट्टे उमटू लागले, पहिली लाट डोंग्याच्या कडेवरून आत आली आणि माझे गुडघे भिजले. भाऊनं नाक वाऱ्याकडे केलं आणि हळूहळू काठाकडे वळवायला लागला.

"भाऊ, नको. तुमच्या पाया पडतो."

"उपसा, गुर्जी," तो म्हणाला. डबा माझ्या हातात दिला.

मी उपसत होतो आणि रडत होतो. तेवढ्यात आमच्यापासून हाकेच्या अंतरावरून मारोतीचा डोंगा गेला. सरळ. दोन माणसं बसलेली. हेलकावे खात होता, पण जात होता. आणि तो पोचला. त्या दोघांना बस मिळाली. आम्ही काठाकाठानं, लव्हाळ्यातून सरकत होतो, तेव्हा पाळेवरच्या रस्त्यावर धूळ उडाली आणि बस निघून गेलेली मला डोंग्यातून दिसली.

काठाला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं; वाटेत अंधार गाठेल, जंगलात वाघ, म्हणून मोटारसायकल काढायला कोणी तयार होईना. भाऊ तीन घरी विचारून आला. पहाटे एकानं सोडलं. मी घरी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. बाबा सूर्य उगवायच्या आधी गेले. बहीण म्हणाली, रात्रभर दाराकडे पाहत होते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना चालू असताना मागच्या रांगेत मला भाऊ दिसला. पांढरा सदरा, बगलेत पिशवी. तीन बस बदलून आला होता. त्यानं बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेपुढे हात जोडले, माझ्या बाबांच्या फोटोपुढे जोडले, जेवला आणि निघाला. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथे तो थांबला.

"गुर्जी, एक इचारू?"

"विचारा."

"माह्यानं चुकलं का जी?"

फाटकाची कडी लावली आणि आत आलो.

उरलेलं सत्र मी अठरा किलोमीटरच्या रस्त्यानं उसन्या मोटारसायकलनं केलं. जूनमध्ये शाळा उघडली, रस्ता चिखलात गेला आणि मी पुन्हा तलावावर गेलो. भाऊ पान सोडून उभा होता. मला पाहून त्यानं डोंगा जवळ ओढला. कॅन काढली, दोरी नवी होती, माझ्या कमरेला बांधली. मी बुडाशी बसलो.

त्यानंतर चार वर्षं मी त्याच डोंग्यातून गेलो. आम्ही पावसाबद्दल बोललो, शिंगाड्यांबद्दल, माझ्या मुलीच्या बारावीबद्दल. तो प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही. उत्तर मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं. रोज वाटायचं, आज सांगू. पण दीड तासाच्या वाटेवर एक वाक्य बोलायला मला चार वर्षं पुरली नाहीत. माझी बदली झाली तेव्हाही मी त्याचे हात हातात घेतले आणि "येतो" म्हणालो.

यंदा माघात मारोतीचा फोन आला. भाऊ गेला. आठ दिवस ताप होता, घरी, खाटेवर. फोनवर मारोतीचा आवाज बसलेला होता. "ढिवर खाटेवर मेला पायजे, पान्यात नाई, म्हने नं नेहमी," तो म्हणाला. "जितला, गुर्जी. म्हातारा जितला."

मी गेलो. तेरवी झाली होती. मला पलीकडच्या गावातही जायचं होतं. शाळेतली माझ्या वेळची स्वयंपाकीणबाई आता फार थकली आहे, तिला भेटून आलो. परतीला मारोती न्यायला आला. त्याचेही केस पांढरे झालेत. भाऊचा डोंगा अलीकडच्या काठावर पालथा पडला होता. मारोतीकडे आता फायबरची होडी आहे.

दुपारचे तीन वाजले होते. मी वाकलो, पळसाचं वाळलेलं पान उचललं आणि पाण्यावर सोडलं. मारोती हसला नाही. पान थोडं डुललं आणि सरकत निघालं.

"सरळ जमते, गुर्जी," मारोती म्हणाला. "ह्या होडीले काई होत नाई. चारची बस भेटून जाईन."

मी बुडाशी बसलो.

"काठानं घे."

"बस जाईन न जी."

"जाऊ दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि होडी वळवली. लव्हाळ्याजवळ पोचलो तेव्हा पाळेवर धूळ उडाली. आम्ही दोघांनी बस जाताना पाहिली. झाडांमागे तिचा आवाज विरेपर्यंत मारोतीनं वल्हं पाण्याबाहेर धरून ठेवलं होतं.